पुस्तकांची पेटी गावात आली

लहानसे वाचनालय आपण पाहिलेच असेल. एक लांब बाक, दोन-तीन कपाटे आणि मेजावर वर्तमानपत्रे. कोणी बाजारभाव बघतो, कोणी अग्रलेख वाचतो. मोठ्याने कोणी बोलत नाही, पण एकटेही वाटत नाही. हा बाक सगळ्यांना मोकळा व्हायला मात्र फार दिवस लागले.

रत्नागिरीस १८२८ साली, नाशकास १८४० साली आणि पुण्यास १८४८ साली वाचनालये निघाली. पुण्याच्या खटपटीत लोकहितवादी होते. पुढे ठाण्यास १८९३ साली व मुंबईस १८९८ साली मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली. कामे मोठी खरी. पण ती शहरांत होती आणि वर्गणीवर चालत. ज्याच्या गाठीला अक्षरे आणि पैसे दोन्ही, त्याचीच तिथे सोय. मग खेड्याचे काय?

हा प्रश्न एका शेतकऱ्याच्या मुलाने मनावर घेतला. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. तेच सयाजीराव महाराज गायकवाड. त्यांनी १९०६ साली आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण मुलगा चार इयत्ता शिकला, नांगराला लागला आणि घरात वाचायला काहीच नाही, तर शिकलेले टिकणार कसे? पेरलेल्याला पाणी नको का?

म्हणून १९१० साली महाराजांनी बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून आणले. गावोगावी वाचनालये निघू लागली. त्यातली युक्ती बघा : गावाने एक वाटा पैसा जमवायचा, मग प्रांत पंचायतीने एक आणि सरकारने एक वाटा घालायचा. गावाचा पैसा लागला म्हणजे वाचनालय गावाला आपले वाटते. जिथे तेवढेही नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जात. पेटी वाचून झाली की ती परत जाई आणि दुसरी येई. वाचकाने पुस्तकाकडे जावे ही जुनी रीत. इथे पुस्तकच वाचकाकडे निघाले!

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना सरकारने अनुदान द्यावे, अशी आपल्याकडची रीत पडली. अनुदानाने कपाट येते, पुस्तके येतात. पण संध्याकाळी कुलूप काढायला, दिवा लावायला गावातलेच कोणी तरी लागते.

तेव्हा गुरुजी, आपल्या शाळेतल्या कपाटाची किल्ली कुठे आहे, ते उद्या जरा बघा. आणि मंडळी, गावात वाचनालय असेल तर आठवड्यातून एकदा तरी तिथे डोकावा. जाताना घरातल्या पोरालाही बरोबर न्या. पोर नुसती चित्रे बघत बसले तरी बसू द्या. बाकावर त्याची जागा झाली, हेच पुष्कळ.