संवाद सहाय्यक: भूकंपाने घडवलेलं गावपातळीवरचं पद

सोलापूरहून हैदराबादकडे निघालं की नळदुर्गनंतर जळकोट लागतं, पुढे येणेगूर, मग उमरगा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी या रस्त्याच्या उत्तरेला, सास्तूर-किल्लारीच्या पट्ट्यात जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक नुकते कुठे झोपले होते. 52 गावं भुईसपाट झाली, सुमारे 8 हजार माणसं गेली. लष्कर पोचायच्या आधी ढिगारे उपसायला हात घातला तो गावात उरलेल्यांनी आणि शेजारगावच्या तरुणांनी.

असं प्रत्येक आपत्तीत घडतं. मराठवाड्यात वेगळं घडलं ते त्यानंतर.

माणसं मेली ती घरांखाली. इथली दगडी भिंत चांगली दोन-अडीच फूट जाड असे, पण एकसंध नसे. बाहेर दगडांचा एक थर, आत दुसरा आणि मध्ये मातीत दाबलेल्या कपच्या. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. वर लाकडी खांब-तुळयांवरचं माळवद. उन्हाळ्यात गार, पण डागडुजीच्या मातीने वर्षागणिक जड होत गेलेलं. धक्का बसताच भिंतीचे थर एकमेकांपासून सुटले आणि झोपलेल्यांवर कोसळले. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. 2002 च्या सुधारणेत तो तिसऱ्या झोनमध्ये गेला.

उद्ध्वस्त गावं नव्या जागी वसवली गेली. पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भेगाळलेली, तरी उभी राहिलेली घरं लाखाच्या वर होती. जागतिक बँकेच्या कर्जातून 1994 मध्ये सुरू झालेल्या पुनर्वसन कार्यक्रमाने त्यांच्यासाठी वेगळा मार्ग धरला: घर मालकानेच दुरुस्त करायचं, सरकारने हप्त्याहप्त्याने अनुदान द्यायचं, इंजिनिअरने मार्गदर्शन करायचं. कागदावर हे सोपं दिसतं. पण एका इंजिनिअरकडे गावंच्या गावं, आणि चावडीवरच्या बैठकीला बायका येतच नसत.

ही फट बुजवायला प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे लोकसहभागाचं काम आलं. हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांमधून बायका निवडल्या गेल्या आणि त्या ‘संवाद सहाय्यक’ झाल्या. यादीत कुणाचं नाव राहिलं, कुणाचा हप्ता कशामुळे अडला, हे त्या दारोदार जाऊन पाहत. दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा सलग पट्टा का हवा, कोपऱ्यात गज का हवेत, हे त्या आधी स्वतः शिकल्या आणि मग घरमालकांना सांगू लागल्या. ज्या घरात सून सासऱ्यासमोर बोलत नसे, तिथे हीच सून गवंड्याला थांबवून गज कुठे घातला हे विचारू लागली. या कार्यक्रमाचं सर्वांत मोठं यश हेच होतं.

अपयशही नोंदवलं पाहिजे. जुनी भिंत मजबूत करण्याऐवजी अनेकांनी अनुदानातून विटा-सिमेंटची नवी खोली उभारली. दोष बांधणीचा होता, पण बदनाम दगड झाला. ओळखीचा, परवडणारा दगड भीतीपोटी टाकून देणं हे या भागाचं मोठं नुकसान आहे.

26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. 2004 च्या त्सुनामीनंतर त्या तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही पोचल्या. एका आपत्तीतून उठलेली बाई दुसऱ्या आपत्तीतल्या बाईला शिकवते, ही पद्धत इथून रुजली.

2005 मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, 2016 मध्ये ‘आपदा मित्र’ योजना. बारा दिवसांच्या प्रशिक्षणातून तयार होणारे हे स्वयंसेवक हवेतच. मात्र त्यांच्या प्रशिक्षणाचा भर शोध, बचाव आणि प्रथमोपचारावर आहे. भिंत पडण्याआधी ती पाहायला जाणारं गावातलं माणूस या प्रशिक्षणातून मिळत नाही.

जळकोटपासून उमरग्यापर्यंतच्या ग्रामपंचायतींनी आपल्या आणि आसपासच्या गावांत त्या काळी संवाद सहाय्यक कोण होत्या, याची चौकशी करावी. त्यांना गावच्या आपत्ती समितीत मानाने बसवावं आणि नव्या मुलींना त्यांच्या हाताखाली द्यावं.