पुण्याचे ‘लॉ कॉलेज’ : देशावरच्या वकिलांची शाळा

पुण्याच्या एरंडवणे भागातील ज्या रस्त्याला आणि टेकडीला पुणेकर ‘लॉ कॉलेज’च्या नावाने ओळखतात, ते नाव इंडियन लॉ सोसायटीच्या विधी महाविद्यालयावरून पडले. कायद्याचे शिक्षण व संशोधन यांसाठी ही सोसायटी १९२३ मध्ये स्थापन झाली आणि १९२४ मध्ये महाविद्यालय सुरू झाले. तोवर मुंबई इलाख्यात या शिक्षणाचे मुख्य केंद्र मुंबईतच होते. तेथील सरकारी विधी शिक्षणाची परंपरा १८५५ पासूनची. पुण्यात लोकमान्य टिळकांनी वकिलीच्या परीक्षांसाठी खासगी वर्ग चालविला होता. मुंबईतील वास्तव्याचा खर्च न पेलणाऱ्या देशावरील विद्यार्थ्यांना पुणे अधिक जवळचे होते.

पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे यांचे कार्य केवळ अध्यापनापुरते नव्हते. इंग्रजी अमदानीतील न्यायालये वारसा, दत्तक व वाटणीचे दावे हिंदू धर्मशास्त्रानुसार चालवीत. पण मूळ ग्रंथ संस्कृतात, तर न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत. त्यातही एकाच इलाख्यात सर्वत्र एक ग्रंथ चालत नसे. महाराष्ट्रात विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ प्रमाण, तर गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकणात मतभेदाच्या ठिकाणी नीळकंठाच्या ‘व्यवहारमयूखा’ला झुकते माप. पक्षकार कोणत्या भागातला, यावर त्याचा वारसाहक्क ठरू शकत असे. घारपुरे यांनी असे ग्रंथ इंग्रजीत आणून वकिलांना उपलब्ध करून दिले. १९५५-५६ च्या हिंदू कायद्यांनंतर त्यांचा न्यायालयीन उपयोग बराच ओसरला, अभ्यासकांच्या दृष्टीने मात्र मोल टिकून आहे.

विद्यार्थ्यांत प्रल्हाद गजेंद्रगडकर आणि यशवंत विष्णू चंद्रचूड हे दोघे पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. चंद्रचूड यांची १९७८ ते १९८५ ही कारकीर्द त्या पदावरील आजवरची सर्वांत दीर्घ होय. यशवंतराव चव्हाण यांनी १९४१ मध्ये कायद्याची पदवी घेऊन कऱ्हाडला वकिली सुरू केली होती, हे त्यांच्या राजकीय कीर्तीपुढे सहसा आठवत नाही. विलासराव देशमुख हेही येथलेच.

नामवंतांची यादी मोठी असली, तरी खासगी विधी महाविद्यालयांपुढील खरा प्रश्न पैशाचा होता. कला, विज्ञान, वाणिज्य, इतकेच नव्हे तर वैद्यक व अभियांत्रिकीच्या खासगी महाविद्यालयांना अनुदान देणारे राज्य शासन विधी महाविद्यालयांना मात्र ते नाकारत होते. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मनुभाई प्रागजी वशी प्रकरणात १९९५ मध्ये न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरविला. गरिबाला मोफत कायदेविषयक साह्य देण्याचे कर्तव्य घटनेच्या ३९-अ अनुच्छेदाने राज्यावर टाकले आहे. वकीलच नीट घडले नाहीत, तर ते साह्य देणार कोण, असा त्यामागचा विचार होता. वकिलाचे शिक्षण ही त्याची खासगी गुंतवणूक नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले असेल.

२०१५ नंतर मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे वर्ग सुरू झाले. त्यांच्या पदवी अभ्यासक्रमाची देशव्यापी प्रवेश परीक्षा केवळ इंग्रजीत होते. पुण्याच्या या महाविद्यालयासह राज्यातील विधी महाविद्यालयांसाठी २०१६ पासून राज्याची स्वतंत्र सामाईक परीक्षा आहे, आणि ती मराठीतूनही देता येते. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असताना ही सोय गौण म्हणता येणार नाही.