उडी नव्हे

नवेगाव बांधच्या तलावाकाठी हिवाळ्यात स्थलांतरित बदकांचे थवे उतरतात. मराठीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तिथे जातो तेव्हा बोलणे हमखास मारुती चितमपल्लींकडे वळते. वनाधिकारी म्हणून या परिसरात वावरलेल्या या लेखकाने कावळ्यांच्या वसतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वीण-वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द मराठीत रुजवले. पाखराचे बसणे, उठणे, घिरट्या घालणे, झेपावणे या प्रत्येकासाठी आपल्यापाशी क्रियापद आहे. उडणाऱ्या माणसाची गोष्ट आली की मात्र ही श्रीमंती एकाएकी आटते.

याची जाणीव आम्हांला पक्ष्यांच्या एका थव्यामुळेच झाली. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी गोव्यात दाभोळीच्या नौदल तळावरून उडालेले मिग-२९के जातीचे प्रशिक्षण विमान पक्ष्यांच्या थव्यात सापडले. डावे इंजिन बंद पडले, उजव्याने पेट घेतला. वैमानिकांनी विमानाचे तोंड वस्तीपासून दूर वळवले आणि मगच ते बाहेर पडले. विमान वेर्ण्याजवळच्या खडकाळ पठारावर कोसळले, दोघेही वाचले. अशा प्रसंगी मराठी बातमीचे एक ठरलेले वाक्य असते: वैमानिकांनी पॅराशूटच्या साहाय्याने उडी मारून जीव वाचवला. प्रस्तुत लेखाचा विषय या वाक्यातला ‘उडी’ हा शब्द आहे.

मुळात जेट विमानातून कोणी उडी मारत नाही. वाऱ्याचा झोतच एवढा असतो की माणसाला कडेवर चढून उभेही राहता येणार नाही. म्हणून बसल्या खुर्चीसकट त्याला बाहेर फेकण्याची युक्ती निघाली. १३ जानेवारी १९४२ रोजी जर्मनीत हेल्मुट शेंक हा चाचणी-वैमानिक अशा खुर्चीने खऱ्या संकटातून पहिल्यांदा सुटला. इंग्लंडमध्ये मार्टिन-बेकर कंपनीचा बर्नार्ड लिंच १९४६ च्या जुलैत उडत्या मीटिअर विमानातून स्वतःला फेकवून घेऊन सुखरूप उतरला. हे सारे पुरेशा उंचीवरचे. खरा पेच जमिनीलगतचा, कारण छत्री उघडायला लागणारा वेळ आणि खाली उरलेले अंतर यांचा मेळ तिथे बसत नाही. १९५५ च्या सप्टेंबरात जॉन फिफील्डने धावपट्टीवर पळणाऱ्या विमानातून आणि १९६१ मध्ये डॉडी हे याने एका जागी स्थिर असलेल्या खुर्चीतून हा प्रयोग करून दाखवला. तेव्हापासून ‘शून्य उंची, शून्य वेग’ हे बिरुद रूढ झाले. ते थोडे फसवे आहे. विमान सरळ असेल आणि खाली येत नसेल, तरच ते खरे. विमान कलंडलेले असेल किंवा वेगाने खाली जात असेल, तर आधुनिक खुर्चीलाही उंची लागतेच, आणि नेमकी तीच संपत चाललेली असते.

हँडल ओढल्यापासून छत्री उघडेपर्यंत अवघी दोन-तीन सेकंदे जातात. वरचे काचेचे आवरण निघते, स्फोटक आणि रॉकेट खुर्चीला वर भिरकावतात, आणि शरीरावर स्वतःच्या वजनाच्या बारा ते वीसपट भार येतो. मणके चेपतात, काहींना पुन्हा लढाऊ विमान चालवता येत नाही. व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर पहिली क्रिया कर्तरी आहे: वैमानिक हँडल ओढतो. पुढचे सारे कर्मणी: तो फेकला जातो. ‘उडी’ या शब्दाने हे सगळे कर्तरी होऊन बसते. मग त्यात धाडस दिसू लागते, किंवा पळ काढल्याचा संशय. हा काथ्याकूट वाटेल. पण पुढील तीन मराठी नावांचा आणि गावांचा इतिहास पाहावा.

पहिले नाव दिलीप परुळकर. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानाला शत्रूचा मारा लागला, उजव्या खांद्याला जखम झाली. नेतृत्व करणाऱ्या अधिकाऱ्याने बाहेर पडण्याचा सल्ला दिला. तरी त्यांनी मोडके विमान तळावर आणून उतरवले. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले. १० डिसेंबर १९७१ रोजी ते सुखोई-७ घेऊन पाकिस्तानात झफरवालच्या बाजूला गेले असता विमान पाडले गेले. या वेळी ते बाहेर पडले आणि युद्धकैदी झाले. पुढची कथा सर्वश्रुत आहे: ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह केलेले पलायन, अफगाण सीमेच्या तोंडाशी लंडी कोतल येथे, १९३२ सालीच बंद पडलेल्या लंडी खाना स्थानकाची चौकशी करताना आलेला संशय आणि पुन्हा अटक. १० ऑगस्ट २०२५ रोजी परुळकर निवर्तले, तेव्हा पुन्हा ही सुटकाच सांगितली गेली. साहजिकच आहे, ती कादंबरीसारखी आहे. पण त्याच माणसाने एकदा राहण्याचा आणि एकदा निघण्याचा निर्णय घेतला होता. त्यांतला पहिला निर्णय शौर्य म्हणून नोंदला गेला. दुसरा मात्र पुढल्या कथेची केवळ प्रस्तावना ठरला. तो निर्णय घेतला नसता तर पुढली कथाच नव्हती.

दुसरे नाव फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. १७ सप्टेंबर २००१ रोजी, रात्रीच्या अंधारात, राजस्थानातील सुरतगडहून उड्डाण केल्यावर काही क्षणांतच त्यांचे मिग-२१ कोसळले. ते बाहेर पडले नाहीत. वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असे अधिकृत निदान झाले. आई कविता आणि वडील अनिल गाडगीळ यांनी ते मान्य केले नाही, मिगच्या सुरक्षिततेचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला, मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली. मिग-२१ सेवेतून निवृत्त व्हायला २६ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. ‘उडी’ या शब्दाची क्रूरता आम्हांला इथे जाणवते. जो वाचतो त्याने उडी मारली म्हटले, की जो वाचला नाही त्याने ती का मारली नाही, हा प्रश्न आपोआप तयार होतो. मृताला उत्तर देता येत नाही. ते आईला द्यावे लागते.

तिसरी घटना पुण्याजवळ, चिंतामणीच्या थेऊर परिसरातली. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी लोहगावला उतरण्याच्या बेतात असलेल्या सुखोई-३० मधून दोन्ही वैमानिक बाहेर फेकले गेले आणि रिकामे विमान शेतात पडले. सुदैवाने जमिनीवर कोणी दगावले नाही. वैमानिकांनी हँडल ओढलेच नव्हते, खुर्च्या आपोआप सुटल्या, असे तेव्हा वायुसेनेकडून सांगण्यात आले; सुखोईचा सारा ताफा काही काळ जमिनीवर ठेवून खुर्च्या तपासण्यात आल्या. म्हणजे इथे पहिली कर्तरी क्रियाही नाही.

एका तासाला आम्ही वर्गात हा प्रश्न टाकून पाहिला. ‘उत्क्षेपण’ हा शब्द सुचला, पण त्यातून अग्निबाण डोळ्यांसमोर येतो. ‘निष्कासन’ म्हटले तर भाडेकरूला घराबाहेर काढल्यासारखे वाटते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, नुसतं ‘सुटला’ म्हणा ना. गोळी पण सुटते अन् कैदी पण सुटतो.” आम्ही तो फळ्यावर लिहून ठेवला.

४ जून २०२४ रोजी नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातील शिरसगावच्या शिवारात आणखी एक सुखोई पडले. दोन्ही वैमानिक सुटले.