१९१६चा शार्क आणि भयभीत न्यू जर्सी

अमेरिकेत १८९१ साली हर्मन ओलरिक्स नावाच्या एका धनाढ्य गृहस्थाने जाहीर पैज लावली. केप हॅटरसच्या उत्तरेकडच्या थंड समुद्रात शार्कने जिवंत माणसावर हल्ला केल्याचे कोणी सिद्ध करून दाखवले, तर त्याला ५०० डॉलर मिळणार होते. ते बक्षीस कोणाला मिळाले नाही. पुढे ‘बक्षीस अजून तसेच आहे’ एवढाच दाखला देऊन वर्तमानपत्रे आणि जाणकार शार्क माणसाला काही करत नाही, असे सांगत राहिले. पैसे न मागितले जाणे हा पुरावा कसा, हे फारसे कोणी विचारले नाही.

त्यातच समुद्रस्नानाची हौस वाढली होती. रेल्वेने न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाची मंडळी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर येत, हॉटेलात राहत आणि पाण्यात उतरत.

१ जुलै १९१६ रोजी संध्याकाळी बीच हेवन येथे चार्ल्स व्हॅन्सँट हा फिलाडेल्फियाचा तरुण पोहायला गेला. तो ओरडू लागला तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांना वाटले, सोबतच्या कुत्र्याला हाका मारतोय. बाहेर काढला तेव्हा पायाचे मांस निघाले होते. हॉटेलात नेल्यावर रक्तस्रावाने तो गेला. किनारे मात्र उघडेच राहिले. हंगाम नुकताच सुरू झाला होता ना!

६ जुलैला तिथून सुमारे ७० किलोमीटर उत्तरेला स्प्रिंग लेक येथे चार्ल्स ब्रूडर मारला गेला. हा पाहुणा नव्हता, हॉटेलातला नोकर होता, मूळचा स्वित्झर्लंडचा. पाण्यावर पसरलेला लाल रंग पाहून एका बाईला लाल होडी उलटली असे वाटले. हॉटेलच्या पाहुण्यांनी आणि नोकरांनी पैसे गोळा करून त्याच्या आईला पाठवले.

आता शास्त्रज्ञांना बोलणे भाग होते. ८ जुलैला न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीमध्ये पत्रकार परिषद झाली. संचालक फ्रेडरिक लुकस यांचे मत होते की, माणसाच्या पायाचे हाड तोडण्याइतकी ताकद शार्कच्या जबड्यात नसते. मत्स्यतज्ज्ञ जॉन निकोल्स यांनी तिसरा हल्ला होण्याची शक्यता कमीच असल्याचे सांगितले. ही माणसे अडाणी नव्हती, लबाडही नव्हती. त्यांच्याजवळ होती ती माहिती त्यांनी सांगितली. पण जे आपण पाहिलेले नाही ते घडतही नाही, असे त्यांनी धरून चालले होते.

तिसरा हल्ला चार दिवसांनी झाला, आणि तोही समुद्रात नाही. मॅटावान हे गाव आतल्या बाजूला, भरती-ओहोटीच्या एका अरुंद खाडीवर वसलेले. १२ जुलैला थॉमस कॉट्रेल या निवृत्त दर्यावर्दी कप्तानाला खाडीतून वर येणारा शार्क दिसला. त्याने गावात येऊन सांगितले. लोक हसले. खाडीत कुठे शार्क येतो का?

दुपारी मुले धक्क्याजवळ डुंबत होती. ११ वर्षांचा लेस्टर स्टिलवेल पाण्याखाली गेला. बाकीची मुले तशीच उघडी गावात धावली. लेस्टरला फिट यायची, म्हणून तो बुडाला असेल असे मोठ्यांना वाटले. शिंपीकाम करणारा २४ वर्षांचा स्टॅन्ली फिशर इतरांबरोबर त्याला शोधायला खाडीत उतरला आणि सगळ्या गावासमोर शार्कने त्याची मांडी फाडली. संध्याकाळी दवाखान्यात त्याचा मृत्यू झाला. फिशरवरच्या हल्ल्यानंतर सुमारे अर्ध्या तासात, थोड्या अंतरावर जोसेफ डन या मुलाचा पाय पकडला गेला. भावाने आणि मित्राने ओढाताण करून त्याला सोडवले. पाच जणांत तो एकटा वाचला.

इथून मात्र चित्र पालटले. बारा दिवसांपूर्वी शार्क चावतच नव्हता, आता प्रत्येक शार्क नरभक्षक ठरला. मॅटावानच्या लोकांनी बंदुका काढल्या, खाडीत डायनामाइट फोडले, जाळी लावली. गव्हर्नर आणि स्थानिक नगरपालिकांनी बक्षिसे जाहीर केली. पूर्व किनाऱ्यावर शेकडो शार्क मारले गेले. आपल्या कोकणात मुशी किंवा मोरी म्हणून ताटात येतो तोही शार्कच. त्याच्या असंख्य जाती आहेत आणि बहुतेक माणसाच्या वाटेला जात नाहीत. पण एवढा भेद करायला कोणाला सवड होती? एका वाचकाने तर वर्तमानपत्राला पत्र लिहून याचा संबंध जर्मन पाणबुड्यांशी जोडला. महायुद्ध चालू होते, शत्रू तयारच होता. एकाने केलेल्या गुन्ह्याचा हिशेब अख्ख्या मोहल्ल्याकडून मागितला जातो तेव्हा काय होते, हे आपल्यापैकी अनेकांना वेगळे सांगायला नको.

आणि हे केवळ माशांपुरते नव्हते. त्याच आठवड्यांत न्यूयॉर्कमध्ये पोलिओची साथ भडकली होती. शहरात दोन हजारांहून अधिक बळी गेले, बहुतेक लहान मुले. ब्रुकलिनच्या इटालियन वस्तीत सुरुवातीचे रुग्ण सापडले, म्हणून दोष इटालियन स्थलांतरितांवर आला. मांजरांमुळे रोग पसरतो या समजुतीने हजारो मांजरे मारली गेली. शहरातून मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबांना न्यू जर्सीच्या काही गावांनी वेशीवरूनच परत पाठवले. शार्कने चार माणसे मारली. पोलिओच्या बळींच्या तुलनेत हा आकडा काहीच नाही. तरी आज त्या उन्हाळ्याची आठवण शार्कमुळेच निघते.

राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यापर्यंतही प्रकरण गेले. त्यांनी मंत्रिमंडळाशी चर्चा केली, तटरक्षक दलाला गस्तीच्या कामाला लावले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ते देशात जिंकले, पण न्यू जर्सीत हरले. ज्या गावांत हल्ले झाले तिथे त्यांची मते ठळकपणे घटली, असा दावा ख्रिस्तोफर एकन आणि लॅरी बार्टेल्स या राज्यशास्त्रज्ञांनी केला. मतदार शार्कचा रागही सरकारवर काढतात, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या दोन अभ्यासकांनी आकडे पुन्हा तपासून त्यावर शंका घेतली आहे. मला शंका घेणारे अधिक पटतात. हॉटेले ओस पडल्यावर ज्याची रोजीरोटी बुडाली त्याचा राग शार्कवरचा नसतो, बुडालेल्या हंगामाचा असतो.

१४ जुलैला मायकेल श्लायसर नावाच्या, प्राण्यांच्या कातड्यात पेंढा भरणाऱ्या कारागिराने जवळच्या रॅरिटन उपसागरात एक पांढरा शार्क पकडला. त्याच्या पोटात माणसाचे अवशेष निघाले, असे सांगितले गेले. तो पेंढा भरून ब्रॉडवेवरच्या एका खिडकीत ठेवला गेला आणि बघायला झुंबड उडाली. पुढे तो नमुना नाहीसा झाला, त्यामुळे आज तपासायला काही उरलेले नाही. सगळे हल्ले त्याच एकाने केले की खाडीतले काम गोड्या पाण्यात शिरणाऱ्या बुल शार्कचे, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही.

मॅटावानच्या स्मशानभूमीत स्टिलवेल आणि फिशर दोघांच्याही कबरी आहेत. जोसेफ डन १५ सप्टेंबरला दवाखान्यातून घरी गेला.