तेलाचा पैसा आणि गावची शाळा

घरात तंगी असली म्हणजे कर्ता माणूस जपून खर्च करतो; त्याची खरी परीक्षा होते ती अचानक हाती पैसा आल्यावर. देशाच्या खजिन्याचेही तसेच आहे. विकसनशील देशांच्या अर्थमंत्र्यांना टंचाई आणि सुबत्ता या दोन्ही कसोट्यांना तोंड द्यावे लागते. दहा वर्षांच्या आत या दोन्ही कसोट्या ज्या देशाने पाहिल्या, त्या इंडोनेशियाचा इतिहास पालकांनी व विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगा आहे.

१९६६ साली त्या देशात महागाई वर्षाला सहाशे टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत होती. उत्पन्न कमी, खर्च अफाट, आणि तूट भरून काढण्यासाठी नोटांची छपाई, हे त्याचे मुख्य कारण. डिसेंबर १९६५ मध्ये तर हजार जुन्या रुपियांच्या बदल्यात एक नवा रुपिया देण्यात आला. याच सुमारास लाखो माणसांची कत्तल झाली व सत्ता जनरल सुहार्तो यांच्या हाती गेली. अशा परिस्थितीत १९६८ साली इंडोनेशिया विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक अली वर्धाना अर्थमंत्री झाले. त्यांचे वय तेव्हा चाळीस होते. पुढे १९८३ पर्यंत, म्हणजे तब्बल पंधरा वर्षे, ते त्या पदावर राहिले.

खर्च भागविण्यासाठी नोटा छापायच्या नाहीत, हा नव्या धोरणाचा पहिला नियम होता. अंदाजपत्रक समतोल ठेवायचे असे ठरले. परकीय मदतही जमेच्या बाजूस धरली जात असल्यामुळे हा समतोल पुरता खरा नव्हता. तरीही छापखान्याला लगाम बसला, आणि १९६९ पर्यंत चलनवाढ दहा टक्क्यांच्या आसपास उतरली. १९७० साली जुन्या कर्जाची फेड तीस वर्षांत करण्यास धनको देशांनी मान्यता दिली.

त्यानंतर दुसरी कसोटी आली. १९७३ च्या अखेरीस जगात खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाल्या. तेल विकणाऱ्या इंडोनेशियाच्या खजिन्यात पैशांचा ओघ सुरू झाला. परंतु असा पैसा आपल्याबरोबर अडचणीही आणतो. देशातील भाव व मजुरी वाढत गेली, मात्र डॉलरचा दर १९७१ पासून ४१५ रुपियांवरच होता. त्यामुळे रबर व कॉफी पिकविणाऱ्याचा खर्च वाढला, पण परदेशातून येणाऱ्या प्रत्येक डॉलरमागे त्याला पूर्वीइतकेच रुपिये मिळत राहिले. अखेर नोव्हेंबर १९७८ मध्ये अवमूल्यन करून हा दर ६२५ करावा लागला. त्याने निर्यातदाराला दिलासा मिळाला, तर आयात माल महागला. अर्थमंत्र्याच्या बहुतेक निर्णयांत कोणाला तरी झळ बसतेच.

या तेलाच्या पैशाला दोन वाटा फुटल्या. पेर्टामिना ही सरकारी तेल कंपनी अर्थखात्याला न जुमानता कर्ज काढीत राहिली. १९७५ साली तिला अल्प मुदतीच्या कर्जाची फेड करता येईना. तिचे एकूण देणे दहा अब्ज डॉलरांवर गेल्याचे उघड झाले आणि तो बोजा सरकारी खजिन्यावर पडला. अर्थमंत्री कितीही हुशार असला तरी ज्या वहीवर त्याची नजर नाही, ती वही घर बुडवू शकते.

दुसरी वाट गावाकडे गेली. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात ६१,००० हून अधिक प्राथमिक शाळा बांधण्यात आल्या. प्रत्येक शाळा तीन शिक्षक व १२० मुले यांच्यासाठी होती. शाळा वाटण्याचा नियम विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे: ज्या जिल्ह्यात शाळेबाहेरची मुले जास्त, त्या जिल्ह्याला शाळा जास्त. ७ ते १२ वयाच्या मुलांपैकी १९७३ साली ६९ टक्के शाळेत होती. १९७८ पर्यंत हे प्रमाण ८३ टक्क्यांवर गेले. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ एस्तेर दुफ्लो यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की, या शाळांमुळे मुले अधिक वर्षे शिकली आणि मोठेपणी त्यांची कमाईही वाढली.

ही राजवट निर्दोष नव्हती. तिच्यात लष्कराचा धाक होता, भ्रष्टाचार होता. १९९७-९८ च्या संकटात रुपिया कोसळला आणि मे १९९८ मध्ये सुहार्तो यांना पायउतार व्हावे लागले. चलनाची किंमत गेली, पण गावच्या शाळेत मुलांनी जे कमावले होते ते त्यांच्यापाशीच राहिले.

पैसा किती आला, एवढेच विचारून भागत नाही. त्याचा हिशेब कोणाच्या हाती आहे आणि तो कोणाच्या दारी पोहोचला, हेही विचारले पाहिजे. देशाचे अंदाजपत्रक असो वा एखाद्या शिक्षणसंस्थेचे, शाळेबाहेर राहिलेली मुले आधी मोजावीत आणि मग इमारतीची जागा ठरवावी.