पतंग वेगळा, भुंगा वेगळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस भागात पऱ्हाटी आणि सोयाबीन धुऱ्याला धुरा लावून उभी असतात. त्यामुळे एक मत पक्कं बसलंय: कपाशीवरची गुलाबी बोंडअळी काय नि सोयाबीनवरचा चक्रीभुंगा काय, दोन्ही आतून पोखरणारेच, दोन-तीन औषधं एका पंपात कालवा आणि दोन्ही वावरांत मारा. हे मत अगदीच निराधार नाही. दोघांची अळी झाडात दडते, आणि मजुरी परवडत नाही हेही खरं.

पण बोंडअळीचा पतंग पिकाला खात नाही, चावायला त्याला जबडाच नाही. नासधूस सगळी अळीची. अंड्यातून निघाली की ती बोंडात शिरते, मागचं छिद्र बुजतं. फुलातली डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेलं फूल, ओळखली नाही, तर बोंड बाहेरून हिरवंगार आणि आत सरकी फस्त. कळतं थेट वेचणीला.

चक्रीभुंग्यात पहिला घाव मादीच घालते. देठावर किंवा खोडावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अंतराने जबड्याने दोन गोल खाचा पाडते आणि तिथे अंडं घालते. रस तुटतो, वरचा भाग मान टाकतो. अळी खोडात खाली उतरण्याआधी तो भाग खालच्या खाचेखालून तोडून नष्ट केला, की काम झालं. त्याला औषध कशाला?

पतंगाला मात्र कामगंध सापळ्यात गाठावं लागतं. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ नर सापडले, तर फवारणीची वेळ झाली. सापळ्यातल्या गोळीचा वास त्याच जातीच्या नराला ओढतो. भुंगा तिकडे ढुंकूनही पाहत नाही. बीटी कपाशीचंही तेच. 2006 साली आलेल्या बोलगार्ड-2 मधली दोन्ही प्रथिनं पतंगवर्गीय अळ्यांसाठी होती, भुंग्यांसाठी नव्हेच. आणि बोंडअळीनं तीही पचवली.

'कालवून मारलं तर बिघडतं काय?' असं विचारणाऱ्यांनी 2017 आठवावं. बोंडअळीनं कहर केला त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले.

राहिली फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवणं. बोंडअळीचा संसार मुख्यतः कपाशीवर, म्हणून डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली की तिची उपासमार होते. चक्रीभुंग्याला त्याचं सोयरसुतक नाही; त्याला मूग, उडीद, चवळीही चालते.