अंबादेवीचें भुयार

अकोल्यास मी शिक्षक असतांना वर्गांत एकदां रुक्मिणीहरणाची कथा सांगत होतों. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, कौंडिण्यपूर वर्धेच्या कांठीं. तेथून अमरावतीची अंबादेवी २५ मैल. नवरी मुलगी एवढें चालून गेली कशी?" "देवाच्या कथेंत मैल मोजूं नयेत," असें म्हणून मीं त्यास खालीं बसविलें. श्रोतेहो, चूक माझी होती. कथा सांगणारे स्वतःच फार काटेकोर असतात.

भागवताच्या दशम स्कंधांत रुक्मिणी कृष्णास निरोप धाडते. अंतःपुरांतून मला न्यावयाचें तर माझ्या आप्तांचा वध करावा लागेल, ही अडचण ती स्वतःच काढते आणि तोडही स्वतःच सांगते. विवाहाच्या आदल्या दिवशीं वधूनें नगराबाहेर देवीच्या दर्शनास जावें, असा तिच्या घरचा कुलाचार होता. हरण देवळापाशीं होतें तें याचसाठीं. पुढें रुक्मी प्रतिज्ञा करतो कीं, कृष्णास मारून बहिणीला परत आणल्यावांचून कुंडिनपुरांत पाऊल टाकणार नाहीं. तो हरतो व भोजकट वसवून तेथेंच राहतो. पुष्कळ वर्षांनीं त्याच्या नातीचें अनिरुद्धाशीं लग्न लागतें, तेंही भोजकटांतच. दोन पिढ्या लोटल्या, तरी कवि ती प्रतिज्ञा विसरलेला नाहीं.

भोजकट हें नांव केवळ काव्यांतलें नव्हे. अचलपुराजवळ चम्मक येथें सांपडलेल्या, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ५ व्या शतकांतील ताम्रपटांत 'भोजकट-राज्य' असा उल्लेख आहे. अमरावतीजवळची भातकुली तेंच भोजकट, असें वऱ्हाडांत सांगतात.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. भागवतांतील रुक्मिणी देवळास पायींच जाते. पण तें देऊळ नगराबाहेर, जवळच असावें. लोकपरंपरेनें तें अमरावतीस आणलें आणि अंतर वाढलें. मग परंपरेनेंच अंबादेवीपासून कौंडिण्यपुरापर्यंत भुयार असल्याचें सांगितलें. या डागडुजीनें मैल कांहीं घटले नाहींत. शिवाय भागवतांत ती वाजतगाजत, सशस्त्र शिपायांच्या पहाऱ्यांत, जमलेल्या राजांच्या डोळ्यांदेखत जाते. भुयारांत तें सारें कोठें मावणार?

तरीही त्या भुयाराविषयीं मला आदर वाटतो. ज्याअर्थीं उत्तर आहे, त्याअर्थीं कोणीतरी प्रश्न विचारलाच असला पाहिजे. तो विचारणारा श्रद्धाहीन नव्हता. कथा त्याला खरी हवी होती, म्हणूनच तिच्यांतील वाट त्यास जुळवावीशी वाटली. माझ्या वर्गांतला मुलगा त्याच्याच कुळांतला. त्याला खालीं बसविण्याऐवजीं मीं फळ्यावर नकाशा काढावयास हवा होता.